पळणीत मागे राहिलेलं माणूस

पळण संपायच्या दिवशी सकाळी रेश्मा बागवान जीपमधून उतरली ती हसत हसत, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

भालेखोल गाव त्या सकाळी गावात नव्हतं. वेशीबाहेर, ओढ्यापलीकडच्या माळावर, झावळ्यांच्या खोपटांत ते मुक्कामाला होतं. गावाची ही रीत फार जुनी. दर तीन-चार वर्षांनी गांगो देवाला कौल लावायचा, देवाने होकार दिला की दिवस ठरवायचा आणि त्या दिवशी दुपारी झाडून सारं गाव बाहेर काढायचं. तान्ही पोरं, अंथरुणाला खिळलेली म्हातारी, गाभण म्हशी, खुराड्यातल्या कोंबड्या, एवढंच काय, वाडीतली भटकी कुत्रीसुद्धा. चुली विझवायच्या, दारं ओढून घ्यायची आणि तीन दिवस, तीन रात्री गाव देवाच्या हवाली करायचं. का, ते कोणालाच धड सांगता यायचं नाही. कोणी म्हणे रोगराई निघून जाते, कोणी म्हणे देवालाही एकांत लागतो. पोरांना कारणाशी काही देणंघेणं नव्हतं. शाळा बुडवून माळावर हुंदडायला मिळतंय एवढं त्यांना पुरे होतं.

कौल लावायचा मान सहदेव गुरवाचा. देवाच्या पाषाणाला पाण्याने दोन कळ्या चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. वेस ओलांडताना गाऱ्हाणंही त्यानेच घालायचं. “बा देवा म्हाराजा, आज आमी ह्यो गाव रिकामो केलो असा, तो तू सांभाळ रे म्हाराजा,” असं तो खड्या आवाजात म्हणायचा आणि मागून सगळं गाव “होय म्हाराजा!” करून गर्जायचं. बापाने शिकवलेले शब्द होते, त्यांत कानामात्रेचा बदल त्याने कधी केला नव्हता.

त्या सकाळी तो आणि गावचे मानकरी बाबूराव राणे असे दोघेच वेशीवरच्या देवाच्या पाषाणाला कळ्या लावून परतीचा कौल घेऊन आले होते. उजवी कळी पडली होती. बायका भांडी आवरायला लागल्या, गडी गुरं सोडायला लागले. तेवढ्यात जीप आली.

“अभिनंदन, गुरवकाका!” रेश्मा म्हणाली. “वाचलात तुम्ही सगळे. एक माणूस मागे राहिलं, म्हणून वाचलात.”

हातातली पातेली हातातच राहिली. रेश्माला वाटलं, आनंदाने लोकांचं भान हरपलं असेल. ती सांगलीकडची, वनखात्यात नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती, पण पळण तिने पाहिली नव्हती. पळणीत मागे राहणं म्हणजे काय, हे तिला कोण सांगणार?

“मागे रवला?” बाबूराव पुढे झाले. “कोण मागे रवला?”

आता हे रेश्माला कुठून कळलं, आणि गाव कशातून वाचलं, हे सांगायला थोडं मागे जायला हवं.

सरकारी रानांची आजवरची कथा अशी, की एका सरकारने नकाशावर रान राखीव करायचं आणि दुसऱ्याने त्याच नकाशावर खाणीसाठी भोक पाडायचं. सही करणारा हात असला की तो धरणारेही असतातच. शेवटी काही शहाण्या माणसांनी हातच काढून टाकला. ‘अस्पर्श रान’ नावाचं धोरण आलं. सगळ्या सरकारी जमिनीच्या चौकटी पाडल्या आणि चौकटीचौकटीतून झाडांवर पेट्या बसवल्या. ज्या चौकटीच्या हवेत सलग तीन दिवस माणूस सापडणार नाही आणि ठरलेली जनावरं मात्र सापडतील, ती चौकट आपोआप अस्पर्श व्हायची. मग तिथं पाऊल ठेवायचं नाही. कोणीच नाही. मंत्री नाही, खाणवाला नाही, पेट्या सांभाळणारी रेश्मासुद्धा नाही. आणि मिटलेली चौकट पुन्हा उघडायचा अधिकार कोणालाच दिलेला नव्हता. कायद्याची सारी अक्कल ह्या एका कलमात होती.

हवेत माणूस सापडतो म्हणजे काय, हे रेश्माने पेट्या बसवताना देवळाच्या आवारात समजावून सांगितलं होतं. माणूस जिथं वावरतो तिथं झडतो. कातडीचा भुगा, केसांचे तुकडे, बोलताना उडालेले थुंकीचे बारीक थेंब. त्या प्रत्येकात त्याच्या वंशाचा धागा असतो. पेटीतला पंखा हवा ओढतो, जाळीवर धूळ जमते आणि आतलं यंत्र त्या धुळीतले धागे वाचतं. बिबट्या गेला, धनेश बसला, माणूस आला, सगळं त्या धुळीत असतं. बहुतेक धागे हवेत तुटून जातात. पेशींच्या आत शक्ती तयार करणारा जो भाग असतो, त्याचा धागा मात्र लहान आणि चिवट, आणि एकेका पेशीत शेकड्यांनी, म्हणून तो बराचसा हाती लागतो. गंमत म्हणजे हा धागा फक्त आईकडून मिळतो. बापाचा त्यात काही वाटा नसतो. तेव्हा धूळ कोणत्या आईच्या घरातली हे यंत्र सांगू शकतं; आई, लेक की मुलगा हे त्याला सांगता येत नाही. चोरटे शिकारी आणि गावकरी यांच्यात घोळ नको म्हणून सगळ्या गावाची थुंकी तेव्हाच नोंदून घेतली होती.

“आणि जुनी धूळ?” सहदेवने विचारलं होतं.

“उन्हादमटात दोन-तीन दिवसांत मरते. म्हणून तर तीन दिवसांचा नियम,” ती म्हणाली होती. “अंधारात, कोरड्या जागी मात्र वर्षानुवर्षं टिकते.”

गावाने पेट्यांना ‘नाकां’ हे नाव ठेवलं आणि त्यांच्याशी जुळवून घेतलं. खरं तर त्या नाकांचे गावावर उपकारच होते. वरच्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, बॉक्साइटची खाण यायची होती, ती सडा अस्पर्श झाल्यामुळे कायमची टळली. सड्यातून येणारा गावाचा झरा वाचला. त्या दिवशी बाबूरावांनी स्वतः देवापुढे नारळ फोडला होता.

पण गुरववाडी आणि गांगोचं देऊळ हेसुद्धा कागदोपत्री सरकारी रानातच होतं. पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती, म्हणून धोरणाने ती उठवली नव्हती. जिथं माणूस नांदतोय तिथं नांदू द्यावा, एवढी माणुसकी कायदा करणाऱ्यांपाशी होती. त्यांना एकच गोष्ट सुचली नव्हती. एखादं गाव कोंबड्या-कुत्र्यांसकट आपल्या पायांनी तीन दिवसांसाठी बाहेर जाईल आणि परत येईल, असं कोणाच्या डोक्यात यावं? आणि ‘नाकां’ बसली ती गेल्या पळणीनंतर, त्यामुळे गावाच्याही ते ध्यानात आलं नाही. रेश्मा नागपूरला प्रशिक्षणाला गेली होती. आदल्या रात्री परतली आणि बघते तर गुरववाडीच्या चौकटीत माणूस जवळजवळ शून्यावर, गवे आणि रानकुत्रे अंगणात, आणि मधोमध एक रेघ हट्टाने टिकून राहिलेली. एक माणूस. त्या एका रेघेवर चौकट उघडी राहिली होती.

“दुसऱ्या दिवशी दुपारपासून आहे ते,” रेश्मा सांगत होती. “नाव नाही सांगता येत. पण गुरवांच्या आईकडचा धागा आहे. म्हणजे काका, एक तर तुम्ही, नाहीतर प्रभाताई. तुम्ही तर इथंच होता ना?”

सगळ्या माळाने प्रभाकडे पाहिलं. प्रभा ही सहदेवची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आलेली, आईचं सगळं दुखणं तिनेच काढलेलं.

“माझ्याकडे काय बगतास?” ती म्हणाली. “मी हयसरच होतंय.”

“परवा दोपारी नाय होतंस गो,” सहदेवची बायको रजनी बोलून गेली. “चायेक हाक मारूक इललंय मी...” आणि तिने जीभ चावली.

प्रभाने पदर खोचला आणि खोपटातली कळशी उचलली.

“गुरवाच्या घरानाच पळण मोडल्यान, तर देवाक तोंड कोणी दाखवचा?” बाबूराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. “सहदेवा, खरा काय ता शोधून काढ. नायतर कौलाचो मान तुझ्या घरात ठेवचो की नाय, ह्या गावाक बगूचा लागतला.”

रेश्माला आता कुठे आपण काय करून बसलो ते उमगायला लागलं. ती चाचरत म्हणाली, “मला परवा येऊन जबाब घ्यावा लागेल. यंत्र माणूस म्हणतंय; पण तो खरंच इथला रहिवासी होता, हे मी लिहायला हवं. नुसती जुनी धूळ उडालेली असेल तर...”

“तर?” सहदेवने विचारलं.

“तर चौकट मिटेल, काका. देऊळ आणि वाडी दोन्ही. मग माझ्या हातात काही नाही.”

परतीच्या वाटेवर सहदेव बहिणीच्या मागून चालत होता आणि त्याचं डोकं पार भंजाळून गेलं होतं. प्रभा मागे राहिली असेल तर देवाचा अपराध झाला, घराण्याचा मान गेला, गावात तोंड दाखवायची सोय उरली नाही. राहिली नसेल तर घर गेलं, देऊळ गेलं, ज्याच्या पुढे तोंड लपवायचं तो देवही गेला. आपल्या बहिणीने पळण मोडलेली असावी, असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि तसं वाटतंय म्हणून मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

“प्रभा, खरा सांग. घराकडे गेल्लंस?”

“नाय.”

“मगे खंय गेल्लंस?”

“खंय नाय.”

“खंय नाय म्हणजे खंय?”

प्रभाने कळशी या कमरेवरून त्या कमरेवर घेतली आणि पाय उचलला. लहानपणापासूनची तिची ही खोड. एकदा तोंड मिटलं की चिमट्याने उघडायचं नाही.

घरी आले तर पुढच्या अंगणात, खळ्यात, गव्याच्या शेणाचे पोह पडलेले, तुळशीचं वृंदावन एका अंगाला कललेलं. गवताच्या काडीचाही आवाज नव्हता. सहदेवला आपल्याच घरात पाहुण्यासारखं वाटायला लागलं; दार उघडण्याआधी त्याने उगाच कडी वाजवली. आत माजघरात उजेडाचा एक कवडसा पडला होता. वर पाहिलं तर छपराचे दोन नळे सरकलेले. पाडसासारखी बारीक कुईकुई ऐकू येत होती. तो शिडी लावून माळ्यावर चढला.

माळ्यावर चुलीच्या धुराने सगळं काळं आणि कोरडंठाक होतं. कोपऱ्यात सुंभाने बांधून ठेवलेलं आईच्या वाकळीचं गाठोडं होतं, ते उदमांजराने फाडलं होतं. आईच्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवून केलेली ती वाकळ. शेवटची दोन वर्षं आई तिच्यावरून उठली नव्हती. ती गेल्यावर वाकळ धुवायला काढली तेव्हा प्रभाने ती हातातून हिसकावून घेतली होती. “वास जातलो,” एवढंच म्हणाली होती. आता तिच्या चिंध्या वाशांना लोंबत होत्या, नळ्यांच्या फटीतून बाहेर गेल्या होत्या. वाकळीच्या मधोमध खळगा करून उदमांजराची तीन पिल्लं एकमेकांवर पडली होती. डोळेसुद्धा धड उघडले नव्हते. फटीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती आणि वाऱ्याबरोबर बाहेर जात होती. फटीच्या समोर फणस होता. फणसावर नाक होतं.

सहदेव बराच वेळ तसाच ओणवा राहिला. धूळ बघत राहिला. मग तो तिथंच फळ्यांवर बसला. नाकात शिरतोय तो वास त्याने ओळखला. मशेरी, एरंडेल आणि आई.

शिडी करकरली. प्रभा वर आली होती. तिने वाकळ पाहिली, पिल्लं पाहिली, भावाचं तोंड पाहिलं. ती अडाणी नव्हती. नाकाची सगळी माहिती तिने देवळाच्या आवारात बसून ऐकली होती.

“आवस,” ती म्हणाली. आईला ती दोघं आवसच म्हणत.

“होय.”

मग तिने तोंड उघडलं. परवा दुपारी ती वेशीवरच्या टेकाडावर गेली होती. वेस ओलांडली नव्हती, नुसतं तिथून घर दिसतं म्हणून. “खळ्यात गवो बसललो,” ती म्हणाली. “आवस बसायची थंयच. तशीच उनाक पाठ करून. माका वाटला, बसांदे. आमच्यापेक्षा तेकाच शोभता घर. आणि मगे माझीच माका लाज वाटली, म्हणान कोणाक सांगूक नाय.” बोलता बोलता ती रडायला लागली. सहदेवला तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण माळा इतका ठेंगणा की हात उचलता येईना. त्याने तिच्या पायाचा अंगठा धरला.

“मॅडमांक खरा सांगूक व्हया,” तो थोड्या वेळाने म्हणाला. “ही जुनी धूळ.”

“आणि मगे?”

“मगे सगळा गेला. घर, खळा, देऊळ.”

“आणि नाय सांगलंस तर?”

“तर पळण तू मोडलंस.”

“मी मोडूक नाय.”

“माका म्हायती.”

“आवस घरात होती काय नाय?” प्रभाने विचारलं.

देवाला कौल लावताना सहदेवला कधी अशी अडचण पडली नव्हती. तिथं दोनच कळ्या असायच्या. त्याने विचार केला, आपणच पुढे होऊन सांगावं, मी राहिलो होतो. मान जाईल तो आपला जाईल. बहीण सुटेल, वाडी राहील. पण ज्या देवापुढे उभा जन्म खरं बोललो, त्याच्याच दारात असं खोटं बोलायचं? आणि खरं बोललो तर त्या देवालाच कुलूप लावायचं? उलटसुलट करून तो थकला. खाली रजनी जेवायला हाका मारत होती. पिल्लांची आई येईल म्हणून दोघं भावंडं चोरपावलांनी खाली उतरली. सरकलेले नळे सहदेवने तसेच राहू दिले.

ठरल्या दिवशी रेश्मा आली. आधी एकटीच गुरववाडीत जाऊन तिने फणसावरची पेटी उघडून पाहिली, मग देवळाच्या आवारात आली. तिचा चेहरा उतरला होता. एका हातात यंत्राची पाटी होती, दुसरी मूठ मिटलेली. सगळं गाव जमलं होतं. बाबूराव खांबाला टेकून बसले होते.

“माझा प्रश्न एवढाच आहे,” रेश्मा म्हणाली. “पळणीच्या दुसऱ्या दिवशी गुरवांच्या घरी कोण होतं?”

सहदेव उठला. वाक्य त्याने रात्रभर घोकलं होतं. ‘मी होतंय,’ एवढंच म्हणायचं होतं. त्याने देवाकडे पाहिलं. पाषाण नेहमीसारखा ओला होता आणि कपाळी शेंदूर होता. सहदेवचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं.

“आवस होती,” मागून प्रभा म्हणाली.

रेश्माने पाटीवरून मान वर केली.

“तुमची आई?” रेश्माने विचारलं.

“होय.”

“त्या बाहेर आल्या नाहीत?”

“तिका उठूक येणा नाय.”

“यंत्राकडे त्यांची नोंद नाही.”

“तुमची नाकां बसली, तेव्हा ती थुंकी देवच्या परिस्थितीत नव्हती,” प्रभा म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता. शब्दाशब्दाने बघितलं तर ती एक अक्षर खोटं बोलली नव्हती.

गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. अर्ध्या गावाने म्हातारीला खांदा दिला होता. तिरडीच्या पुढच्या अंगाला बाबूराव स्वतः होते. त्यांनी तोंड उघडलं तेव्हा सहदेवने डोळे मिटून घेतले.

बाबूरावांनी प्रभाकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढून पुन्हा नीट बसवली. आपल्याला नक्की काय समजलंय, हे त्यांनाही समजलं नसावं. मग ते सावकाश म्हणाले, “म्हातारी घर सोडणा नाय, मॅडम. गावाक म्हायती ता. पळण असता ती आमका. तिका पळण नाय.”

“होय म्हाराजा,” मागून कोणीतरी सवयीने म्हणालं.

रेश्मा उभी राहिली. तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळे तिच्याकडे बघत होते आणि कोणाचीही नजर चळत नव्हती. तिने मूठ उघडली. आत हिरव्या काठाची, बोटभर लांबीची चिंधी होती.

“जाळीत अडकली होती,” ती प्रभाला म्हणाली. “त्यांची असेल. त्यांना द्या.”

मग तिने यंत्राच्या पाटीवर काहीतरी लिहिलं. जीपपर्यंत पोचवायला सहदेव गेला. गाडी सुरू करायची सोडून ती स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली.

“काका, मी बरोबर केलं की चूक, मला कळत नाहीये. कोणाच्या सांगण्याने हा कायदा वाकू नये म्हणून आम्ही जीव तोडून भांडलो होतो. तो सडा त्यामुळेच वाचला. आणि आज मीच...”

“माका पण कळणा नाय, मॅडम,” सहदेव म्हणाला.

पिल्लं मोठी होऊन आपल्या वाटेने गेल्यावर प्रभाने उरलेली वाकळ गोळा केली आणि गाठोड्यात बांधून जागच्या जागी ठेवली. चिंधीही त्यातच ठेवली. पुढे रेश्माची बदली झाली. गावात त्या दिवसाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. चहाच्या टपरीवर नाही, लग्नात नाही, भांडणातसुद्धा नाही. भालेखोलला भांडणात काहीही बाहेर निघतं, त्यावरून ही गोष्ट किती खोल ठेवली होती ते समजावं.

पुढची पळण आली. कौल मिळाला. दुपारपर्यंत माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री सगळी वेशीबाहेर गेली. देवळाचं दार ओढून गुरवाने सगळ्यांच्या शेवटी निघायचं, अशी रीत. सहदेव दार ओढून वळला, वाडीतून खाली उतरायला लागला, आणि त्याचे पाय जागीच थांबले.

त्याच्या खळ्यातल्या दोरीवर आईची वाकळ पसरलेली होती. हे त्याला ठाऊक होतं. सकाळी प्रभाने ती वाळत घातली तेव्हा तो मुद्दाम दुसरीकडे बघत होता. पण शेजारच्या दोरीवर जुनं धोतर होतं. त्याच्या पलीकडे एक कांबळं, जळमटं न झटकताच टाकलेलं. सरकारी रानातली असोत की नसोत, गावातली सगळी घरं तशीच होती. बाबूरावांच्या पडवीत त्यांच्या वडिलांचा काळा कोट खुंटीवरून काढून खुर्चीच्या पाठीला घातला होता, बटणं लावून. मेस्त्र्यांच्या दोरीवर एक लहानशी कुंची होती, बाकी काही नव्हतं. सहदेव ती कुंची बघत उभा राहिला. मेस्त्र्यांची पोर गेली त्याला बारा-तेरा वर्षं झाली असतील. ती कुंची इतकी वर्षं कुठे ठेवली होती, कोणास ठाऊक.

कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी कोणाला विचारलंही नसणार. वारा सुटला होता आणि कपडे हलत होते. वरच्या सड्याकडून धनेशाच्या पंखांचा भात्यासारखा आवाज आला. कोणीतरी यायची घाई करत होतं. ये बाबा, सहदेव मनात म्हणाला, तीन दिवस तुझेच. आणि मग त्याला वाटलं, तुझे की ह्यांचे? आपण देवाला फसवतोय, की सरकारला, की दोघांनाही न फसवता काही तिसरंच करून बसलोय? त्याने खूप विचार केला. काही समजलं नाही. डोळे मात्र भरून आले, ते त्याने उपरण्याने पुसले आणि वेशीकडे निघाला.

वेशीवर सगळं गाव थांबलं होतं. पलीकडे माणसं, अलीकडे तो. त्याने गावाकडे तोंड केलं, हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, आज आमी ह्यो गाव...”

पुढचा शब्द येईना. बापाने शिकवलेला, जन्मभर म्हटलेला शब्द. रिकामो. त्याने पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तिथंच अडला. मागे पोरं चुळबुळ करू लागली. प्रभा त्याच्याकडे बघत होती, बाबूराव पायाखालच्या मातीकडे. सहदेवने एकदा श्वास घेतला.

“...ह्यो गाव तुझ्या आणि तेंच्या हवाली केलो असा,” तो म्हणाला. “सगळ्यांका सांभाळ रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा!” गाव गर्जलं. बाबूरावांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.